कोर्टाचा एकतर्फी निकाल, गोठलेलं खातं आणि चुकून आलेले १,८४,५०० रुपये



मागच्या व्हिडिओत मी 'खात्यात चुकून पैसे आले तर काय करायचं' हा विषय घेतला होता. त्यात सगळा भर पैसे परत करण्यावर होता. पण वेळेअभावी, आणि खरं सांगायचं तर थोड्या लाजेमुळे, एक भाग मी गाळला. माझ्यावर स्वतःवर अशा प्रकरणात कोर्टाचा एकतर्फी हुकूमनामा झाला होता. मला पत्ताही नव्हता. कळलं तेव्हा चालू खात्यावर टाच आलेली होती. तो हुकूमनामा रद्द कसा करून घेतला, ते आज लिहितोय. कॅमेऱ्यासमोर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून ब्लॉगवर.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी वकील नाही, बीबीए झालेला दुकानदार आहे. इथे जे कायद्याचं आहे ते मी माझ्या केसमध्ये शिकलो आणि नंतर वाचून पक्कं केलं. तुमच्यावर वेळ आली तर हे वाचून वकिलाकडे जा, वकिलाऐवजी हे वाचू नका.

पैसे आले कसे

माझं पॅकेजिंग मटेरियलचं दुकान. पुठ्ठ्याचे बॉक्स, टेप, बबल रॅप, बेकरीवाल्यांचे केकचे डबे. ११ फेब्रुवारी २०२२ ला खात्यात एनईएफटीने १,८४,५०० रुपये जमा झाले. त्याच आठवड्यात एका मिठाईवाल्याकडून मला साधारण तेवढीच रक्कम यायची होती. दुकानातल्या मुलाने टॅलीमध्ये ती त्याच्या नावावर जमा केली, मी मान डोलावली आणि मिठाईवाल्याला पुढचा माल सोडला. पाठवणाऱ्याचं नाव बघितलं का? नाही. रक्कम जुळतेय, मग झालं.

तीन आठवड्यांनी आमच्याच जिल्ह्यातल्या एका खाद्यपदार्थ बनवणाऱ्या फर्मच्या अकाउंटंटचा फोन आला. त्यांना दुसऱ्या एका कारखान्याला पैसे पाठवायचे होते. त्या कारखान्याच्या नावातले पहिले दोन शब्द आणि माझ्या दुकानाच्या नावातले पहिले दोन शब्द एकच. मी त्यांना आधी एकदा माल दिला होता, म्हणून त्यांच्या यादीत माझं खातं सेव्ह होतं. यादीतलं वरचं नाव दाबलं गेलं. एनईएफटीमध्ये पैसे खाते क्रमांकावर जातात, नाव जुळतंय का हे तेव्हा तपासलं जात नव्हतं. (१ एप्रिल २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसण्याची सोय बँकांनी एनईएफटी आणि आरटीजीएसला दिली आहे. ती वापरा. दोन सेकंद लागतात.)

इथे कायदा अगदी सरळ आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२, कलम ७२: चुकून किंवा दबावाखाली ज्याला पैसे दिले गेले, त्याने ते परत केले पाहिजेत. 'चूक तुमची होती, मी काय करू' हे उत्तर चालत नाही. आणि आपले नाहीत हे कळल्यावर मुद्दाम दाबून ठेवले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली अप्रामाणिक अपहाराचा गुन्हाही होऊ शकतो. म्हणजे पैसे मला द्यायचेच होते, त्यात वाद नव्हता. वाद झाला तो पुढे, आणि तो माझ्या अर्धवट कामामुळे.

माल उधारीवर सुटून गेला होता, हातात रोकड नव्हती. मी त्यांना म्हटलं, 'साहेब, हप्त्याने देतो.' ते तयार झाले. एप्रिलमध्ये ५०,००० आणि जूनमध्ये ५०,००० दिले. पण दोन्ही वेळा माझ्या बायकोच्या बचत खात्यातून, यूपीआयने, काहीही शेरा न लिहिता. उरलेले ८४,५०० दिवाळीपर्यंत देतो म्हणालो. ऑगस्टमध्ये दुकान पेठेतून हायवेलगत हलवलं. तिकडचा अकाउंटंट नोकरी सोडून गेला. फोन थांबले. आणि मी... सोयीस्करपणे विसरलो. याला दुसरा शब्द नाही.

१८ एप्रिल २०२४

सकाळी सप्लायरला आरटीजीएस करायला गेलो, होईना. बँकेत फोन केला. मॅनेजर म्हणाले, 'तुमच्या खात्यावर कोर्टाची टाच आहे. आत्ता काही निघणार नाही.' खात्यात २,३१,००० च्या आसपास होते. त्यातून सप्लायर, दुकानभाडं, तीन पोरांचे पगार जायचे होते. मला वाटलं सायबर फ्रॉडचं काहीतरी असेल, हल्ली त्यात खाती गोठवतात ना. पत्र हातात घेतलं तर दिवाणी न्यायालयाचं. दरखास्त क्रमांक, वादीचं नाव, आणि व्याज आणि खर्चासह साधारण सव्वादोन लाख रुपये.

दरखास्त म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी. म्हणजे दावा दाखल होऊन, चालून, निकाल लागून, वसुली सुरू झालेली. जानेवारी २०२३ ला दावा, नोव्हेंबर २०२३ ला हुकूमनामा. पूर्ण १,८४,५०० चा. मी दिलेले एक लाख कुठेच नाहीत.

त्या दिवशी मी जवळपास एक मोठी चूक करणार होतो. त्या फर्मला फोन करून भांडणार होतो. एका जुन्या व्यापारी काकांनी अडवलं. ते म्हणाले, 'आधी कागद काढ, मग तोंड उघड. आज तू फोनवर काय बोलशील ते उद्या तुझ्याच विरुद्ध वाचून दाखवतील.'

वकील मॅडमनी काय विचारलं

मी वकील मॅडमसमोर बसून 'मी पैसे दिलेत हो' हे दहा वेळा सांगितलं. त्यांनी हात वर करून थांबवलं. म्हणाल्या, 'ते नंतर. आधी मला सांगा, समन्स कुठे गेलं आणि तुम्हाला नेमकं कधी कळलं?'

मित्रांनो, हाच या लेखाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

प्रतिवादी तारखेला आला नाही, तर कोर्ट त्याच्याशिवाय दावा पुढे चालवू शकतं. याला एकतर्फी म्हणतात. वादीला तरीही पुरावा द्यावाच लागतो, पण समोर खोडून काढणारं कोणी नसतं. माझ्या केसमध्ये त्यांनी एनईएफटीची नोंद आणि आपला खातेउतारा दिला. कोर्टाने तेच बघितलं, दुसरं बघणार तरी काय.

असा हुकूमनामा रद्द करून घेण्याचा मार्ग दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे: ऑर्डर ९, रूल १३. ज्या कोर्टाने हुकूमनामा दिला, त्याच कोर्टात अर्ज करायचा. आणि कारणं दोनच चालतात. एक, समन्सची बजावणी रीतसर झाली नव्हती. दोन, बजावणी झाली होती पण सुनावणीच्या दिवशी हजर न राहण्याला पुरेसं कारण होतं. 'निकाल चुकीचा आहे', 'मी एक लाख दिलेत', 'समोरचा खोटं बोलतोय' ही या अर्जाची कारणंच नाहीत. ती दावा पुन्हा उघडल्यावर सांगायची. बहुतेक दुकानदार इथेच घसरतात. आपल्याला राग असतो निकालाचा, आणि अर्जात विचारलेलं असतं गैरहजेरीचं.

मग आम्ही नक्कल विभागातून दाव्याची प्रत, रोजनामा आणि बेलिफचा रिपोर्ट यांच्या सही-शिक्क्याच्या नकला काढल्या. रिपोर्ट वाचून मला हसावं की रडावं कळेना. बेलिफ माझ्या जुन्या दुकानाच्या पत्त्यावर दोनदा गेला होता. तिथे आता मोबाईल कव्हरचं दुकान. दुसऱ्या वेळी त्याने समन्स शटरवर चिकटवलं. नंतर मी त्या मोबाईलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, 'दादा, मला वाटलं घरमालकाची भाडेकरूंना काहीतरी नोटीस असेल, काढून टाकली.' रजिस्टर पोस्टाचं पाकीट 'पत्ता सोडून गेले' असा शेरा घेऊन परत गेलं होतं.

दारावर समन्स चिकटवणं कायद्यात आहेच. पण ते प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा करतो, त्या जागेच्या दारावर. मी तिथला धंदा पाच महिने आधीच बंद केला होता. हे नुसतं तोंडी सांगून भागत नाही. माझ्याकडे तीन कागद होते. नव्या दुकानाचा भाडेकरार. जीएसटी नोंदणीत पत्ता बदलल्याचं प्रमाणपत्र, तारखेसह. (पत्ता बदलला की १५ दिवसांत जीएसटीत दुरुस्तीचा अर्ज करायचा असतो. माझ्या सीएने मागे लागून तो करून घेतला होता, मी तेव्हा कुरकुर केली होती.) आणि तिसरा, सगळ्यात कामाचा: सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच फर्मच्या अकाउंटंटला मी व्हॉट्सअ‍ॅपवर नव्या दुकानाचं लोकेशन पाठवलं होतं, 'इकडे या, हिशोब मिटवू' म्हणून. म्हणजे नवा पत्ता वादीला माहीत होता.

तीस दिवसांचा घोळ

मुदतीबद्दल बाजारात अर्धवट ज्ञान फार आहे. कोणी म्हणतं 'कळल्यापासून तीस दिवस', कोणी म्हणतं 'निकालापासून'. मुदत कायदा, १९६३ चा अनुच्छेद १२३ असा आहे: हुकूमनाम्याच्या तारखेपासून ३० दिवस. पण समन्सची रीतसर बजावणी झालीच नसेल, तर हुकूमनाम्याची माहिती झाली त्या दिवसापासून ३० दिवस. पेपरात जाहिरात देऊन किंवा कोर्टाच्या आदेशाने अशा दुसऱ्या पर्यायी मार्गाने समन्स बजावलं असेल, तर या मुदतीपुरती ती रीतसर बजावणी धरत नाहीत. ही ओळ अनेकांना वाचवते.

माझी माहितीची तारीख १८ एप्रिल, आणि पुरावा बँकेचं पत्र. अर्ज दाखल झाला २९ एप्रिलला. मे महिन्याची कोर्टाची सुट्टी तोंडावर होती, म्हणून मॅडमनी घाई केली. शिवाय त्यांनी कलम ५ खाली विलंब माफीचा अर्जही जोडला. मी विचारलं, आपण तर मुदतीत आहोत ना? त्या म्हणाल्या, 'बजावणी रीतसर नव्हती हे आपण म्हणतोय, कोर्टाने अजून म्हटलेलं नाही. उद्या कोर्टाला वाटलं की बजावणी झाली होती, तर आपण पाच महिने उशिरा ठरतो.' पावसाचा अंदाज नसला तरी छत्री बरोबर घ्यायची, तसं.

अर्जासोबत आणखी दोन गोष्टी दिल्या. एक, अंमलबजावणीला स्थगिती मिळावी म्हणून वेगळा अर्ज. हे महत्त्वाचं आहे, कारण ऑर्डर ९ रूल १३ चा अर्ज नुसता दाखल केल्याने वसुली आपोआप थांबत नाही. दुसरी, माझी लेखी कैफियत तयार ठेवली. निकाल रद्द झाला की दावा संपत नाही, पुन्हा सुरू होतो. कैफियत द्यायला साधारणपणे समन्स मिळाल्यापासून ३० दिवस, कारण दाखवून जास्तीत जास्त ९० दिवस असतात. तयार कैफियत दिसली की हा माणूस वेळकाढूपणा करत नाही, हे कोर्टाला दिसतं.

आणि एक सल्ला मला तेव्हा कडू लागला. मॅडम म्हणाल्या, 'जे ८४,५०० तुम्ही मान्य करता, ते आत्ताच कोर्टात जमा करायची तयारी लिहून द्या.' मी म्हटलं, खातं गोठलंय, दुकान कसं चालवू? पण ऐकलं. बायकोच्या दागिन्यांवर कर्ज काढलं. हे यूट्यूबवर सांगताना मी 'थोडी जुळवाजुळव केली' म्हणालो होतो. ती जुळवाजुळव म्हणजे हे. पण त्या एका गोष्टीने चित्र बदललं. हुकूमनामा रद्द करताना कोर्ट खर्च, रक्कम जमा करणं अशा अटी घालू शकतं. आपणहून मान्य रक्कम पुढे ठेवली की स्थगिती मिळणं सोपं जातं. जूनमध्ये रक्कम जमा केली आणि खात्यावरची टाच उठली.

समोरच्यांनी काय म्हटलं

त्यांचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं, हे मला मान्य करायला हवं. त्यांनी दाखवलं की डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं होतं, 'पैसे दिले नाहीत तर कोर्टात जाऊ.' निळ्या टिका लागलेल्या. म्हणजे मला माहीत होतं, असं त्यांचं म्हणणं.

रूल १३ मध्ये एक अट आहे. बजावणीत नुसता किरकोळ दोष आहे म्हणून हुकूमनामा रद्द होत नाही, जर प्रतिवादीला सुनावणीच्या तारखेची माहिती होती आणि हजर व्हायला पुरेसा वेळ होता, असं कोर्टाला पटलं तर. आमचं उत्तर एवढंच होतं: कोर्टात जाऊ ही धमकी आणि अमुक कोर्टात अमुक तारखेला या ही माहिती, या दोन गोष्टी एक नाहीत. दाव्याचा नंबर, तारीख यातलं काहीच मला कोणी कळवलं नव्हतं. कोर्टाने ते मान्य केलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये हुकूमनामा रद्द झाला, आणि मी त्यांना ४,००० रुपये खर्च द्यावा अशी अट लागली. मी दुसऱ्याच दिवशी दिले.

हे उलटंही गेलं असतं. समजा, पोस्टमन नव्या दुकानात पाकीट घेऊन आला असता आणि मी 'घेत नाही' म्हटलं असतं, तर? सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये 'परिमल विरुद्ध वीणा' या प्रकरणात 'पुरेसं कारण' म्हणजे काय याचा खल केला आहे. तिथे नोटीस नाकारणाऱ्या पक्षाला फायदा मिळाला नाही, एकतर्फी हुकूमनामा कायम राहिला. आपल्याकडे अजून लोक म्हणतात, 'पाकीट घेऊच नको, मग काही होत नाही.' होतं. नाकारलेलं पाकीट म्हणजे मिळालेलं पाकीट.

बाकीचे मार्ग थोडक्यात. हुकूमनामा व्हायच्या आधीच कळलं, तर काम खूप सोपं: रूल ७ खाली गैरहजेरीचं कारण सांगून आधीच्या टप्प्यापासून भाग घ्यायची परवानगी मागता येते, आणि ती नाही मिळाली तरी तिथून पुढच्या कामकाजात भाग घेता येतो. हुकूमनामा झाल्यावर अपीलही करता येतं. त्यात निकालच चुकीचा आहे हे मांडता येतं. पण अपिलाचा निकाल लागला की रूल १३ चा दरवाजा बंद होतो, त्यामुळे कुठून सुरुवात करायची हे वकिलाला विचारून ठरवा. रूल १३ चा अर्ज फेटाळला, तर त्या आदेशावरही अपील आहे. लघुवाद न्यायालयाचा हुकूमनामा असेल तर १८८७ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे अर्जाबरोबरच हुकूमनाम्याची रक्कम भरावी लागते किंवा कोर्टाच्या परवानगीने जामीन द्यावा लागतो. आणि चेक, प्रॉमिसरी नोट किंवा लेखी करारावरचा समरी दावा असेल, तर समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजेरी लावायची असते. तिथे हुकूमनामा रद्द करायला 'विशेष परिस्थिती' दाखवावी लागते, नुसतं पुरेसं कारण पुरत नाही.

एक लाख कुठे गेले होते

दावा पुन्हा सुरू झाला, मी कैफियत दिली, बायकोच्या खात्याचे उतारे लावले. समोरच्यांच्या नव्या अकाउंटंटने आपली वही उघडली. ५०,००० च्या दोन्ही रकमा त्यांच्याकडे सस्पेन्स खात्यात पडून होत्या. एका अनोळखी बाईंच्या नावाने आलेले पैसे, कशाचे ते माहीत नाही. म्हणून दाव्यात ते नव्हते. त्यांनी लबाडी केली, असं मी दोन वर्षं धरून चाललो होतो. त्यांनी माझ्यासारखंच केलं होतं. मी त्यांचे पैसे मिठाईवाल्याच्या नावावर टाकले, त्यांनी माझे कोणाच्याच नावावर टाकले नाहीत.

पुढच्या तारखांना तडजोड झाली. जमा केलेले ८४,५०० त्यांनी काढून घेतले, वर व्याजापोटी मी ९,००० दिले, तडजोडीचा हुकूमनामा झाला. वकील फी १८,००० आणि दागिन्यांवरच्या कर्जाचं व्याज वेगळं. मालकांशी नंतर चहा झाला. त्यांनी माझ्याकडून माल घेणं काही सुरू केलं नाही, मीही विचारलं नाही.

त्यानंतर दुकानात बदललेल्या काही गोष्टी. कोणाचेही पैसे परत करायचे तर ते फर्मच्याच खात्यातून, मूळ व्यवहाराचा यूटीआर क्रमांक शेऱ्यात लिहून, आणि पोचल्याची लेखी कबुली घेऊन. जमा नोंद करताना मुलगा आधी पाठवणाऱ्याचं नाव वाचतो, मग रक्कम. दुकान हलवलं तेव्हा जुन्या जागेच्या नव्या भाडेकरूला माझा नंबर द्यायला हवा होता, पोस्टात पत्ता बदलाचा अर्ज द्यायला हवा होता. आता दिलाय, दोन वर्षं उशिरा. आणि दर महिन्याच्या एक तारखेला, भाडं भरून झालं की, मी ई-कोर्ट्सच्या साइटवर आपल्या जिल्ह्यात पक्षकाराच्या नावाने शोध घेतो. माझ्या नावाने एकदा, दुकानाच्या नावाने एकदा. फुकट आहे, पाच मिनिटं लागतात. ते कसं करायचं याचा स्क्रीन रेकॉर्ड केलेला व्हिडिओ शनिवारी टाकतोय.